सेलरीच्या गड्ड्याचं मॅश घरी कसं करायचं? पहिला प्रयत्न फसलाय, बाबांसाठी हवं आहे

नेरूळ_पूर्व
नमस्कार मंडळी. प्रश्न पदार्थाचाच आहे, पण थोडं मागचं सांगते, म्हणजे मला नेमकं काय हवंय ते कळेल.

माझे बाबा ७६ वर्षांचे. मर्चंट नेव्हीत इंजिनरूमला होते. १९७८ च्या डिसेंबरात त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी हॅम्बुर्गला लागलं आणि त्याच हिवाळ्यात उत्तर जर्मनीत असा बर्फ पडला की रस्ते, रेल्वे सगळं ठप्प. गोदीजवळच्या एका खाणावळीत रोज दुपारी तळलेला मासा आणि बाजूला एका पांढऱ्या कंदाचं मऊसूत मॅश मिळायचं. बाबा त्याला ‘झेलेरी’ म्हणतात, कारण तिथले लोक सेलरीचा उच्चार तसाच करतात. गेल्या महिन्यात त्यांच्या चार दाढा काढल्या, तेव्हापासून त्यांची जेवणावरची वासनाच उडालीये. गुरगुट्या भात नको, मुगाची खिचडी नको, दूधपोळी तर नकोच. आणि परवा संध्याकाळी आपण होऊन म्हणाले, “ते झेलेरीचं इथे मिळेल का गं कुठे?” महिनाभरात त्यांनी तोंडानं मागितलेली ही पहिली गोष्ट. त्यामुळे मला ते करायचंच आहे.

वाशीला भाजीवाल्याकडे सेलरी मागितली तर त्यानं हिरव्या दांड्यांची जुडी हातात ठेवली. गड्ड्याची जात वेगळी असते हे मला तेव्हा कळलं. शेवटी इंग्लिश भाजी ठेवणाऱ्या एकानं दोन दिवसांनी आणून दिला. ९०० ग्रॅमचा गड्डा, ४२० रुपये. वरून सुरणासारखा खडबडीत, खाली मुळ्यांचा गुंता आणि त्यात अडकलेली माती. कापला तर आत पांढराशुभ्र, आणि वास मात्र शेपू आणि कोथिंबिरीच्या देठांच्या मधला कुठलातरी.

पीलरनं साल काढली, फोडी केल्या आणि बाबांना औषध द्यायला गेले. येईपर्यंत फोडी तपकिरी. मग दोन बटाट्यांबरोबर कुकरमध्ये, फोडी बुडतील एवढं पाणी, चार शिट्या. नंतर सगळं एकत्र मिक्सरमधून काढलं. झालं ते खळीसारखं चिकट, कडेनं पाणी सुटलेलं, मधे मधे दोरे. बाबांनी दोन चमचे खाल्ले आणि काही न बोलता वाटी बाजूला सरकवली. माझं कुठे कुठे चुकलं, कोणी सांगेल का?

नौपाडा_स्वयंपाकघर
ताई, ऐरोलीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये मी सहा वर्षं कॉन्टिनेंटलचं काउंटर सांभाळलंय, हे मॅश तिथे महिन्यातून दोनदा तरी व्हायचं. तुमचं फार काही चुकलेलं नाही. गड्ड्याला बटाट्यासारखं वागवलंत, एवढंच.

या गड्ड्यात पाणी जवळजवळ ८८ टक्के असतं आणि पिठूळपणा बटाट्याच्या मानानं फार कमी. कुकरमध्ये बुडवून शिजवलात की तो आणखी पाणी पितो. बटाट्याचं उलट. तो मिक्सरमध्ये फिरला की त्यातलं सगळं स्टार्च बाहेर येतं आणि खळ होते. तुमच्या भांड्यात ही दोन्ही दुखणी एकत्र आली. म्हणून गड्डा आणि बटाटा वेगवेगळे शिजवा. बटाटा सालासकट उकडा, गड्ड्याच्या निम्म्याहून जास्त घेऊ नका.

सालीला पीलर पुरत नाही. वरचा आणि खालचा भाग सपाट कापून गड्डा पाटावर उभा ठेवायचा आणि सुरीनं वरून खाली चांगली जाड साल उतरवायची, मुळ्यांच्या खाचा जाईपर्यंत. वाया जातंय म्हणून हात आखडू नका, ९०० ग्रॅमचे ६०० उरले तर ते बरोबरच आहे. तुमच्या मॅशमधले दोरे सालीखालच्या त्या कडक थराचे असणार. फोडी कापल्या की लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यात टाका, मग काळ्या पडत नाहीत.

शिजवायचं निम्मं दूध आणि निम्मं पाणी यात, मीठ घालून, मंद आचेवर, झाकण अर्धवट ठेवून. इंचभराच्या फोडींना वीस-पंचवीस मिनिटं लागतात. लिंबाच्या पाण्यातून काढलेल्या फोडी आधी साध्या पाण्यातून खळबळून घ्या, नाहीतर दूध फाटेल. सुरी घातली की लोण्यात गेल्यासारखी आत जायला हवी. मग चाळणीत निथळत ठेवा, पाच मिनिटं तरी. खाली निघालेलं दूध-पाणी टाकू नका, पुरणाचा कट आपण टाकतो का? त्यात थोडा कांदा आणि मिरी घालून रात्री सूप करा.

आणि आता पुरणयंत्र काढा. कँटीनमध्ये आमच्याकडे परदेशी फूडमिल होती, हँडल फिरवून जाळीतून गाळायची. ती पाहिल्यावर मी शेफना म्हटलं होतं, अहो, हे तर आमचं पुरणयंत्र! बारीक जाळीतून आधी गड्डा, मग गरम बटाटा काढा. एकही दोरा खाली येत नाही आणि बटाट्याची खळ होत नाही.

नंतरची पायरी बरेच जण गाळतात, आणि सगळी चव तिथे आहे. गाळलेलं परत जाड बुडाच्या कढईत घालून पाणी आटवायचं. सारखं ढवळत राहा. आधी फटफट बुडबुडे फुटतील, मग कडा सुटायला लागतील. पुरणात उलथनं उभं राहतं ना, तितकं घट्ट नको, उलथनं सावकाश कलंडलं पाहिजे. तिथे गॅस बंद. मग ६० ग्रॅम गार लोणी तुकड्यातुकड्यानं घालून घोटा, चिमूटभर जायफळ किसा. हवं तर दोन चमचे गरम साय. फोडणीचा मोह मात्र आवरा. मोहरी-हिंगापुढे या गड्ड्याचा वास टिकत नाही, आणि तुमच्या बाबांना तोच वास हवाय.

तुर्भे_गाळा
ताई, मार्केटात इंग्लिश भाजीचंच काम आहे माझं. गड्डा घेताना मोठा बघून भुलू नका. नारळाएवढा किंवा त्याहून लहान, पण हाताला वजनदार लागला पाहिजे. बोटानं वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर आत भेंडासारखा झालेला असतो, त्याचं मॅश कधीच गुळगुळीत होत नाही. रोज येणारा माल नाही हा, दोन दिवस आधी सांगून ठेवलेलं बरं. उरलेला तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर सहज राहतो. कापलेली बाजू थोडी काळी पडेल, तेवढी चकती काढून टाका.

घोडबंदर_किनारा
रेसिपी वर आलीच आहे, मी दोनच गोष्टी सांगते. सेलरीची ॲलर्जी असणारे लोक असतात आणि ती गड्ड्यालाही लागू होते. युरोपियन युनियनमध्ये पाकिटावर ज्या १४ ॲलर्जन्सची नावं लिहावीच लागतात त्यात सेलरी आहे. तुमचे बाबा हॅम्बुर्गला रोज खात होते म्हणजे प्रश्न नसावा, पण घरात लहान मुलं असतील तर त्यांना पहिल्यांदा अगदी थोडं द्या.

दुसरं, गड्डा मिळालाच नाही तर हिरवी सेलरी वाया घालवू नका. दोन दांड्या पानांसकट दोऱ्यानं बांधून दुधात मंद उकळा, दांड्या काढून टाका आणि त्या दुधात बटाट्याचं मॅश घोटा. पोत बटाट्याचाच राहतो, पण वास बराच जवळ जातो. माझी आई दातांच्या त्रासात हेच खायची.

नेरूळ_पूर्व
सगळ्यांचे मनापासून आभार. काल केलं.

तुर्भेवाल्या दादांचं ऐकून या वेळी लहान गड्डा घेतला, ७०० ग्रॅमचा, टणक. साल काढल्यावर ४८० ग्रॅम भरला. पुरणयंत्र आईचं, पितळी, गेल्या होळीनंतर माळ्यावरून खाली आलंच नव्हतं. चिंच लावून घासलं. बाबा आवाज ऐकून स्वयंपाकघरात आले आणि स्टुलावर बसले. गड्डा मी फिरवला, बटाट्याला त्यांनी हँडल हातात घेतलं. कढईत आटवायला मला चौदा मिनिटं लागली. बाराव्या मिनिटापर्यंत वाटत होतं की हे पातळच राहणार, आणि मग एकदम कडा सुटल्या. नौपाड्याच्या ताई, ते उलथन्याचं तुम्ही लिहिलं नसतं तर मी दहाव्या मिनिटालाच बंद केलं असतं.

सोबत तव्यावरची रावस, काटे काढून. बाबांनी वाटीभर खाल्लं, मग आणखी अर्धी वाटी. आणि जेवून उठताना म्हणाले, “तिथे यावर लोण्यात लाल केलेला कांदा असायचा.” हे त्यांनी याआधी कधीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं, कुरकुरीत की मऊ? डोळे मिटून थोडा वेळ बसले आणि म्हणाले, “मऊ. गोडसर.”

दुधाचं सूप आज सकाळी संपलं. रविवारसाठी दुसरा गड्डा सांगून ठेवलाय. कांदा किती मंद आचेवर आणि किती वेळ परतू, तेवढं सांगा कोणीतरी.

नौपाडा_स्वयंपाकघर
दोन मोठे कांदे, पातळ उभे चिरून, दोन चमचे लोणी आणि चमचाभर तेल. चिमूटभर मीठ सुरुवातीलाच घाला. सर्वांत मंद गॅसवर चाळीस मिनिटं. तळाला लागायला लागला की चमचाभर पाणी शिंपडा. साखर नको, तो आपसूक गोड होतो.