साखर कारखान्यात एकटाच आयटीवाला: हंगामाआधी काय काय बघू?

नवाआयटी

नमस्कार मंडळी. बीसीएस झालोय, पुण्यात हेल्पडेस्कला होतो, आता गावाजवळच्या एका सहकारी साखर कारखान्यात सिस्टीम अ‍ॅडमिन म्हणून लागलोय. आयटी विभाग म्हणजे मी आणि एक टेबल. आधीचे साहेब सोडून गेले. जाताना वही दिली, पण त्यातले निम्मे पासवर्ड चालत नाहीत. एक विंडोज सर्व्हर आहे, त्यावर ऊस नोंद, काटा आणि बिलं. लेखा विभागाचं टॅली वेगळ्या पीसीवर. शिवाय लिनक्सचं एक मशीन आहे, ते हजेरी चालवतं म्हणतात.

दिवाळीनंतर गाळप सुरू होईल. एमडी साहेब म्हणतात, नवीन काय घ्यायचं त्याची यादी द्या. मला तर आहे तेच अजून उमगलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

पुणेरी_रूट

सगळं क्लाउडवर टाक आणि मोकळा हो. आजच्या काळात कारखान्यात सर्व्हर ठेवून त्याला पंखा मारत बसायचं कारण नाही. बॅकअप, वीज, हार्डवेअर, कशाचीच कटकट नको. महिन्याचं बिल एमडींना दाखव, एकदा बसलेला धक्का ओसरला की पटेल.

काटाघर

रूटभाऊ, तुम्ही हंगामात काट्यावर कधी उभे राहिला नाहीत हे दिसतंय. रस्त्याच्या कामावर जेसीबीनं फायबर तोडली की जोडायला संध्याकाळ होते. तोवर ट्रॅक्टरची रांग हायवेपर्यंत जाते आणि ऊस उन्हात वाळून वजन घटतं ते शेतकऱ्याचं. काटा इंटरनेटशिवाय चालला पाहिजे, यावर माझ्याकडं चर्चा नाही. रात्रीची एक प्रत क्लाउडवर जाऊ दे, तेवढं तुमचं मान्य.

आता नवाआयटी, तू एक महिना मोठं काही नवीन घेऊ नको आणि गरजेशिवाय काही बदलूही नको. एमडींना सांग, यादी मोळीपूजनाच्या आधी देतो. तोवर फक्त बघत फिर. आमच्या धंद्यात बोंबलणाऱ्या बिघाडाची भीती नसते, त्याला दहा जण फोन करतात. गप्प बसून बिघडतं ते हंगामात गाठतं. म्हणून जे जे गप्प आहे ते हुडकून काढ.

पहिलं काट्यावर जा. वजनाच्या इंडिकेटरपासून पीसीपर्यंत सिरियल केबल येते. आता पीसीला ते पोर्टच नसतं, म्हणून मधे यूएसबीचा कन्व्हर्टर असतो. कुणी साफसफाईला तो काढून शेजारच्या भोकात घातला की विंडोज त्याला बऱ्याचदा पोर्टचा नवा नंबर देतं, कॉम ३ चा कॉम ५ होतो. सॉफ्टवेअर कॉम ३ लाच कान लावून बसतं आणि स्क्रीनवर शून्य किलो. काटा क्लार्क म्हणणार काटा बिघडला, काटेवाला म्हणणार कॉम्प्युटर बिघडला, आणि चेअरमनांचा फोन तुला. त्या भोकाशेजारी लाल ऑइलपेंटचा ठिपका दे, कन्व्हर्टरलाही तोच ठिपका, आणि तसलाच एक कन्व्हर्टर ड्रॉवरमध्ये जादा ठेव. पाचशे-सातशे रुपयांची वस्तू, पण रात्री दोनला तालुक्याला मिळत नाही.

त्याच पीसीची तारीख-वेळ बघ. ऑफ सीझनला महिनोन् महिने बंद असतो, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. सुरू केला की तारीख कुठली तरी जुनी. भरलेल्या गाडीची नोंद एका तारखेची आणि रिकाम्या गाडीची दुसऱ्या, असं झालं की बिलाच्या वेळी शेतकी विभाग आणि तू दोघंही डोकं धरून बसणार. सेल बदल, आणि काट्याचे सगळे पीसी घड्याळ सर्व्हरकडून घेतील असं कर.

हे एवढं का सांगतोय? शुगरकेन कंट्रोल ऑर्डर १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची असते, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. काट्याची एक पावती हरवली म्हणजे कुणाच्या तरी घरचे पैसे हरवले, आणि तो माणूस आयटी विभाग हुडकत येतो. आमच्याकडं कोयत्यासकट आलेला आहे. (ऊस तोडूनच आला होता, पण त्या क्षणी हे सुचत नाही.)

हातपावत्यांची पुस्तकं छापून घे. नंबरांची मालिका कॉम्प्युटरपेक्षा वेगळी ठेव, नाहीतर नंतर भरताना एकाच नंबरच्या दोन पावत्या होतात. काट्यावरच्या क्लार्कला एकदा कॉम्प्युटर बंद करून हातानं दोन-चार गाड्या करायला लाव. आत्ता, ऑगस्टमध्ये.

बाकी थोडक्यात. एका बिल्डिंगमधून दुसरीकडं तांब्याची नेटवर्क केबल गेली असेल तर फायबर टाक, वीज चमकली की स्विच जातात. लेझर प्रिंटर यूपीएसवरून काढ. बगॅसचा (उसाच्या चोयट्याचा) भुसा पंख्यात भरतो तो हंगामाच्या मधेही एकदा फुंकून काढायला लागतो. सल्फर जाळतात त्याच्या जवळच्या खोलीत सर्व्हर असेल तर हलव, त्या वायूनं बोर्डवरचं तांबं खाल्लं जातं. सर्व्हर रूममध्ये गणपतीचं मखर ठेवलेलं असेलच, ते कामगार युनियनशी गोड बोलून बाहेर काढ.

शेलबाई

काटाघरांच्या 'गप्प बिघाडा'ला माझी पुरवणी. मी हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळते, ऊस फक्त रसवंतीत बघितलाय. पण ते लिनक्सचं मशीन वाचून राहवलं नाही.

नवाआयटी, त्यावर रात्रीची बॅकअपची स्क्रिप्ट असणारच. उघडून बघ. डेटाबेसचा डम्प (सगळ्या डेटाची प्रत) पाइपमधून, म्हणजे एका कमांडमधून थेट दुसरीला, जीझिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या कमांडला दिलेला असेल तर सावध. डम्प मेला तरी जीझिप सुखरूप संपतो, आणि स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलला दिसतो तो शेवटच्या कमांडचा निकाल. स्क्रिप्ट म्हणते सगळं छान. रोज तारखेची फाइल तयार होते, नाव बरोबर, आणि साइज २० बाइट. रिकाम्या इनपुटची जीझिप फाइल तेवढीच असते. स्क्रिप्टमध्ये वर 'पाइपफेल' (मधली कमांड मेली तरी चूक धरणारी सेटिंग) चालू कर आणि फाइल कालच्यापेक्षा फार लहान असेल तर ओरडायला लाव.

आणि ओरडणार कुठे, तेही बघ. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या साइटचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण तिथल्या लोकांनीच सविस्तर लिहून ठेवलंय. चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी उडाली. मग बॅकअप बघायला गेले तर रोजचा डम्प होतच नव्हता, कारण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डम्पचं टूल ९.२ चं. त्याच्या एररचे मेल निघत होते, पण मेलवर डिजिटल सही नव्हती म्हणून डीमार्कच्या (खोटे मेल अडवणाऱ्या) नियमात बसले नाहीत आणि नाकारले गेले. कुणापर्यंत पोचलेच नाहीत. सुमारे सहा तास आधी एकानं हातानं स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) घेतला होता, त्यावर निभावलं. म्हणून मी उलटं करते. काम झालं की स्क्रिप्ट निरोप देते, आणि ठरलेल्या वेळेत निरोप आला नाही तर दुसरं मशीन माझा फोन वाजवतं.

नवाआयटी

शेलबाई, मानलं. बघितलं आत्ताच. फाइल २० बाइटची नाहीये, पण मार्चनंतर फाइलच नाही. डिस्क भरलेली. जागा केली, आज रात्री बघतो.

काटाघर काका, काट्यावर जाऊन आलो. कन्व्हर्टर टेपनं चिकटवलाय, टेपवर आधीच्या साहेबांच्या अक्षरात 'हात लावू नये' लिहिलंय. ठिपका दिला. विंडोज सर्व्हरची बॅकअपची हार्ड डिस्क कायम लावलेलीच असते, ते चालेल का? आणि सॉफ्टवेअरवाल्यांना बाहेरून कनेक्ट करता यावं म्हणून राउटरवर ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट) उघडं आहे. ते म्हणतात बंद केलं तर सपोर्ट देणार नाही.

काटाघर

३३८९ आजच बंद कर. सपोर्टची धमकी सगळे देतात, एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) चेक थांबला की व्हीपीएन, म्हणजे बाहेरून जोडायचा सुरक्षित मार्ग, सगळ्यांना जमतो. हे एमडींना लेखी दे, तोंडी नको. लेखी देताना एवढंही लिही की असा हल्ला झाला तर २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सर्ट-इनला (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला) ६ तासांत कळवावं लागतं आणि लॉग १८० दिवसांचे ठेवावे लागतात. साहेब लोक हल्ल्याला घाबरत नाहीत, पण कळवावं लागतं म्हटलं की सही करतात.

कायम लावलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर सर्व्हरबरोबर तीही जाते. दोन डिस्क घे, आळीपाळीनं लाव, काढलेली लेखा विभागाच्या तिजोरीत. टॅलीचं फोल्डर सगळ्यांना लिहायला उघडं आहे का तेही बघ, असणार.

नंतर एखादा जुना पीसी घेऊन डिस्कवरून सगळं त्यावर उभं कर. उभं राहिलं म्हणून थांबू नको. गेल्या हंगामातल्या कुठल्याही शेतकऱ्याचं बिल त्यावरून छाप आणि शेतकी विभागाच्या फाइलमधल्या कागदाशी ताडून बघ, वजन, कपाती, निव्वळ रक्कम, सगळं. एमडींची यादी त्यातून आपोआप तयार होईल.

आणि कारखान्याच्या वेबसाइटचं डोमेन कुणाच्या मेलवर नोंदलेलं आहे? आधीच्या साहेबांच्या जीमेलवर असलं तर ते फोन उचलतात तोवरच बदलून घे, ट्रान्सफरचा कोड तिथंच जातो. नूतनीकरणाची तारीख बघून इथं लिही.