उडीनंतर चासी आपटते: ऑइल जाड करणं हा इलाज नाही

मुरूमवाट (धागाकर्ता):
ट्रॅक्सस स्लॅश, टू-व्हील ड्राइव्ह, १/१० मापाचा रिमोटवर चालणारा (आरसी) ट्रक. उडीवरून उतरताना चासी (ट्रकचा खालचा सांगाडा) जमिनीवर दणकन बसली की बहुतेक जण शॉकमधलं (धक्का शोषणाऱ्या नळीतलं) मूळ ३० वेट ऑइल काढून थेट ५० वेट भरतात; वेटचा आकडा मोठा तेवढं ऑइल जाड. माझ्या मते हे काम उलट्या टोकाकडून सुरू होतं. ट्रकचं वजन स्प्रिंग पेलते. ऑइल फक्त हालचालीचा वेग आवरतं. ५० वेटने उडी थोडी सुधारेल, पण खडबडीत मुरमावर चाक खड्ड्यात वेळेवर उतरणार नाही. मग ट्रक दगडांच्या माथ्यांवरून टकटक उडत जातो आणि वळणावर मागची बाजू सुटते.

आधी राइड हाइट, म्हणजे उभ्या ट्रकची जमिनीपासूनची उंची, बघा. बॅटरी आणि बॉडी लावून ट्रक साधारण १५ सेंमीवरून सपाट फरशीवर सोडा आणि बसेल तसा बसू द्या. मागच्या आर्म (चासीला चाकाशी जोडणारे दांडे) जमिनीला समांतर हव्यात, किंवा चाकाकडे किंचित उतरत्या. चासी खूप बसलेली असेल तर प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवा. मात्र प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, ट्रक फक्त वर उचलला जातो आणि तेवढा ड्रूप (चाक खाली लटकायला उरलेला प्रवास) कमी होतो. प्रीलोड जवळपास संपवूनही उंची मिळत नसेल तर एक पायरी कडक स्प्रिंग घाला. ऑइलची बाटली त्यानंतर उघडा.

शॉकटॉवर:
असहमत. बॅटरीसकट अडीच किलोचा ट्रक १ मीटरवरून पडला तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला ४.४ मीटर असतो आणि जवळपास २५ ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. स्प्रिंग ती साठवते आणि परत फेकते. म्हणून नुसत्या कडक स्प्रिंगवर ट्रक उतरल्यावर पुन्हा उसळतो, अनेकदा तिरका होऊन उलटतो. ती ऊर्जा उष्णतेत घालवतं ते ऑइलच. शिवाय स्प्रिंग कडक केली आणि ऑइल तेच ठेवलं, तर परत उघडताना शॉकला आवर राहत नाही. कडक स्प्रिंगसोबत ऑइल चढवावंच लागतं, मग ‘ऑइल नंतर’ हा नियम कसा टिकेल?

मुरूमवाट:
स्प्रिंग बदलल्यावर ऑइल ५ वेटने वर न्यावं, हे मान्य. माझा विरोध ३० वरून एकदम ५० च्या उडीला आहे. तुमचा हिशोब सपाट जमिनीवर पडण्याचा आहे. उतारावर उतरणाऱ्या ट्रकच्या शॉकला त्यातला बराच कमी भार मिळतो.

बारीकभोक:
दोघांनीही शॉकच्या आत ऑइलमधून सरकणारा भोकांचा पिस्टन सोडून दिला, खरा प्रश्न तिथेच आहे. मोठ्या भोकांचा पिस्टन आणि जाड ऑइल, किंवा लहान भोकांचा पिस्टन आणि पातळ ऑइल: शाफ्ट (पिस्टनचा दांडा) हाताने हळू दाबला तर दोन्ही शॉक सारखेच लागतील. उडीच्या वेगाला मात्र लहान भोकांतून ऑइलचा प्रवाह घुसळतो आणि विरोध एकदम वाढतो. यालाच पॅक म्हणतात. मोठ्या उड्यांना पॅक हवा, बारीक खड्ड्यांना नको. टेबलावर हाताने दाबून सेटिंग ठरवणारे इथेच फसतात. मैदान उड्यांचं असेल तर भोकं लहान करा आणि ऑइल ५ वेटने उतरवा. ५० वेटच्या मागे लागू नका.

चाळीसअंश:
वेटच्या आकड्यावर एवढा वाद घालण्याआधी बाटलीवरचा सेंटीस्टोकचा (जाडपणाच्या मोजमापाचा) आकडा वाचा. टीम असोसिएटेडचं ३० वेट म्हणजे ३५०, ४० वेट म्हणजे ५००. दुसऱ्या कंपनीचं ३० वेट तेवढंच असेल असं नाही. त्यात हा आकडा २५ अंश तापमानाला मोजलेला. विदर्भातल्या एप्रिलमध्ये ४० अंशांत सिलिकॉन ऑइल जवळपास पाव हिश्श्याने पातळ होतं. थंडीत जमवलेलं ३० वेट तेव्हा ३५ वेट करायला हरकत नाही.

आणि शॉक भरण्यातच चूक असेल तर वरचं सगळं वाया. शाफ्ट पूर्ण बाहेर ओढा, ऑइल भरा, पिस्टन हळूहळू वरखाली करा (जोरात केलंत तर नवे बुडबुडे तयार होतात), ५-१० मिनिटं शॉक उभा ठेवा, मग काठोकाठ भरून रबरी ब्लॅडरसह (झाकणाखालच्या लवचीक पडद्यासह) कॅप लावा. दाबताना पचपच आवाज येत असेल तर आत हवा आहे आणि सुरुवातीचे काही मिलिमीटर शॉक रिकामाच चालतोय. डावा-उजवा शॉक सोडल्यावर सारखाच परत आला पाहिजे.

शॉकटॉवर:
ड्रूपचा मुद्दा राहिला. चासी हळू उचलत मागची चाकं जमीन सोडतात तिथपर्यंतची उंची मोजा. ड्रूप कमी असेल तर उतरताना चाक उशिरा टेकतं, शॉकला दाबायला प्रवास कमी मिळतो आणि दोष ऑइलच्या माथी जातो. पिस्टनचं म्हणणं मला पटलं. कडक स्प्रिंगचं अजूनही नाही.

मुरूमवाट:
मग मोजून ठरवा. शाफ्टवर घट्ट बसणारी बारीक ओ-रिंग (रबरी कडं) घाला, शॉकच्या तळाशी टेकवा आणि एक उडी मारून शाफ्ट किती आत गेला ते बघा. प्रत्येक उडीला प्रवास पूर्ण संपत असेल आणि नुसता उभा ट्रकही बसलेला असेल, तर स्प्रिंग. उभा ट्रक योग्य उंचीवर असून फक्त मोठ्या उडीला प्रवास संपत असेल, तर पिस्टन. आणि ओ-रिंग अर्ध्यावरच थांबूनही चासी जमिनीला लागत असेल, तर पडताना नाक किंवा शेपूट खाली आहे. ते हवेत थ्रॉटल-ब्रेकने सावरायचं, शॉकला हात लावू नका.