अनुभव धागा: नगरपालिकेतली रोजची कामं

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली तरी घरपट्टीचं बिल त्यांच्याच नावानं येत होतं. दर वर्षी ते पाकीट आलं की आई दिवसभर गप्प असायची. शेवटी या वर्षी ठरवलं, घराच्या नोंदीवर आईचं नाव लावून घ्यायचंच.

आमचं गाव मुंबईच्या पट्ट्यातलं. लोकसंख्या लाखाच्या वर, म्हणजे नगरपरिषद 'अ' वर्गाची. तरी महापालिका नव्हे, त्यामुळे सगळे अजून नगरपालिकाच म्हणतात. इथले निम्मे लोक सकाळी सातच्या आत लोकलमध्ये असतात. कार्यालय उघडतं तेव्हा आम्ही गावात नसतो आणि परततो तेव्हा त्याला कुलूप असतं. म्हणजे प्रत्येक फेरीला एक रजा.

पहिल्या फेरीत अर्ज टेबलावर दिला. सोबत मृत्यूचा दाखला, कराची चालू पावती, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि भावाची नाहरकत. "ठेवा, बघतो," म्हणाले. महिन्याभरानं गेले तर अर्जच सापडेना. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "ताई, आवक नंबर काय?" माझ्याकडे नंबर नव्हता. त्यांनी मला आवक-जावकच्या खिडकीशी नेलं, नव्या अर्जाच्या दोन प्रती करायला लावल्या आणि माझ्या प्रतीवर निळा गोल शिक्का मारून नंबर, तारीख आणि सही दिली. मग भिंतीवरचा लोकसेवा हक्काचा फलक दाखवला. कुठलं काम किती दिवसांत, कोण करणार, नाही झालं तर अपील कोणाकडे, सगळं तिथे लिहिलेलं होतं. आमच्या कामापुढे १५ दिवस होते. "हे दिवस आजपासून मोजा," त्या म्हणाल्या. बाराव्या दिवशी फोन आला.

आईला घेऊन गेले. नोंद संगणकात झाली होती, पण लिपिकांनी जुनी जाडजूड नोंदवहीही उघडली. बाबांच्या नावावर लाल शाईची एक सरळ रेघ, वर आईचं पूर्ण नाव, बाजूला तारीख आणि आद्याक्षरं. रेघेखाली बाबांचं नाव अजून स्पष्ट वाचता येत होतं. आई ते बघत बराच वेळ उभी राहिली. रांगेतलं कुणी घाई केली नाही.

तेव्हापासून मनात आहे की ही कामं आपण सगळेच करतो, पण प्रत्येक जण पहिल्यापासून शिकतो. म्हणून हा धागा. दाखले, कर, पाणी, कचरा, दिवे, सभा, कशाचाही अनुभव लिहा. खिडकीच्या आत बसलेल्यांनीही लिहा. पक्षांचं राजकारण नको, आणि कुठलं कार्यालय, कोण माणूस ही नावंही नकोत.

निवृत्त, जन्म-मृत्यू विभाग

खिडकीच्या आतल्यांना बोलावलंत म्हणून लिहितो. २७ वर्षं याच टेबलावर काढली.

जन्म किंवा मृत्यू झाल्यापासून २१ दिवसांच्या आत नोंद करायची असते. हा १९६९चा कायदा. दवाखान्यात बाळ झालं तर माहिती दवाखाना पाठवतो. म्हणून लोकांना वाटतं, आपलं काम संपलं. पण बारसं व्हायचं असतं, त्यामुळे बहुतेक वेळा बाळाच्या नावाचा रकाना रिकामाच येतो. नाव नंतर लावता येतं. पहिल्या वर्षात त्याला शुल्क नाही, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून लावता येतं. हे कुणी सांगत नाही. मग जूनमध्ये शाळेच्या प्रवेशाला माणूस दाखला घेऊन येतो आणि नावाच्या जागी आडवी रेघ बघून त्याचा चेहरा उतरतो. असे किती बाप मी पाहिले असतील, मोजता यायचे नाहीत.

चुकांचं म्हणाल तर बहुतेक चुका आमच्याकडे नाही, दवाखान्यातल्या फॉर्मवर होतात. रात्री दोनला बाळ झालेलं, आजी नाव सांगतेय, सिस्टर घाईत लिहितेय. आईचं माहेरचं नाव की सासरचं, इथपासून घोळ. तेव्हा सगळ्यांना एकच विनंती: सही करण्याआधी तो फॉर्म आधार कार्ड शेजारी धरून वाचा. पाच मिनिटं लागतात. नंतरच्या दुरुस्तीला महिने जातात.

एक आठवण लिहितो. २६ जुलै २००५च्या पावसात आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी शिरलं. खालच्या कप्प्यातल्या नोंदवह्या भिजल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही चौघांनी त्या वह्या सभागृहात पसरल्या, प्रत्येक पानात वर्तमानपत्राचा कागद घातला आणि वरचे पंखे रात्रंदिवस चालू ठेवले. ओला कागद ओढला तर फाटतो, म्हणून फूटपट्टी सरकवून एकेक पान सुटं करायचं. घरी माझ्या स्वतःच्या घरातही पाणी होतं. पण त्या वह्यांची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती. एखाद्याच्या जन्माचा तेवढाच कागद असतो हो. काही पानांची शाई पसरली, पण एकही वही टाकावी लागली नाही.

शेवटचा नळ

काका, तुमचं वाचून गळा दाटून आला. माझा जन्म त्याच भागातला, ९८चा.

आमचा अनुभव पाण्याचा. गल्लीत अकरा घरं, आम्ही सगळ्यात शेवटी. पाणी पहाटे साडेपाचला सुटतं. समोरच्या रांगेत टाक्या भरून वाहायच्या आणि आमच्याकडे अर्ध्या इंची नळातून करंगळीएवढी धार. प्रत्येकानं आपापली तोंडी तक्रार करून झाली होती. पलीकडच्या गल्लीत मोटारी लावून पाणी खेचतात, असा आमचा पक्का समज. त्यावरून भांडणंही झाली.

मग आईनं पुढाकार घेतला. एकच अर्ज, त्यावर अकरा सह्या, प्रत्येकाचा ग्राहक क्रमांक, आणि सोबत आठ दिवसांची नोंद: किती वाजता पाणी आलं, वीस लिटरची बादली भरायला किती मिनिटं लागली. शेवटच्या घरात सरासरी १४ मिनिटं. हा कागद हातात पडल्यावर पाणीपुरवठ्याचे अभियंता स्वतः पहाटे आले.

नाक्यावरच्या चेंबरमध्ये व्हॉल्व्हमन दादा उतरले. गुडघाभर गाळ. चावी लावून वेढे मोजत होते. नवव्या वेढ्यावर चावी अडली. म्हणाले, "हा पूर्ण उघडायला तेरा-चौदा वेढे लागतात, आतून अडकलाय." किती महिने तो अर्धवटच उघडत होता कोण जाणे. पुढच्या आठवड्यात व्हॉल्व्ह बदलला. आता बादली चार मिनिटांत भरते. पलीकडच्या गल्लीतल्या ज्या मावशींवर आम्ही मोटारीचा संशय घेतला होता, त्यांच्याकडे आई पेढे घेऊन गेली.

माजी नगरसेविका

सभांविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. २०१६च्या निवडणुकीत महिला राखीव प्रभागातून निवडून आले. त्याआधी मी शिकवणी घ्यायचे. पहिल्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका घरी आली तेव्हा तीत चाळीसच्या वर विषय होते. 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे', 'प्राप्त निविदांस मंजुरी देणे', आणि शेवटी 'ऐनवेळचे विषय'. सभा दोन तासांत संपली. मी हात वर केला तोवर पुढचे चार विषय मंजूर झाले होते.

दुसऱ्या सभेपासून आदल्या रात्री प्रत्येक विषयापुढे पेन्सिलनं प्रश्न लिहून न्यायला लागले. स्टेशनकडून शाळेच्या मागून येणारा एक बोळ होता. रात्री साडेदहाच्या लोकलनं उतरणाऱ्या बायका त्या बोळातून मोबाइलच्या उजेडात यायच्या. सहा खांब हवे होते. मला वाटलं, ठराव झाला की दिवे लागतील. तसं नसतं. आधी अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, त्यानंतर खांब, आणि वीज जोडणीचं पत्र वेगळंच. प्रत्येक टप्प्यावर फाइल एका टेबलावर थांबते आणि कुणी विचारलं नाही तर तिथेच राहते. मी दर सोमवारी जाऊन फक्त एवढंच विचारायचे, "फाइल आज कोणाकडे आहे?" सात महिने लागले. दिवे लागले त्या रात्री साडेदहाला मी मुद्दाम बोळात जाऊन उभी राहिले. बायका बोलत-बोलत येत होत्या. आधी त्या घाईघाईनं, एकमेकींचा हात धरून यायच्या.

मुदत संपल्यावर निवडणुका लांबल्या आणि पुढची काही वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. रोजची कामं थांबली नाहीत, पण सभाच होत नसल्यानं माणसांनी प्रश्न मांडायचे कुठे? माझ्याकडे पद नव्हतं तरी लोक दारात यायचे. आता २०२५च्या डिसेंबरात निवडणुका होऊन गेल्या आहेत. माझं कळकळीचं सांगणं आहे, आपल्या प्रभागाच्या सदस्याला विषयपत्रिका मागा. इतिवृत्त मागा. मिळालं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. आपल्या गल्लीबद्दल काय ठरलं ते त्या कागदात असतं.

पहाटपाळी

मी घंटागाडीवर मुकादम आहे. सहाला हजेरी, साडेसहाला गाडी बाहेर. जास्त लिहीत नाही. ओला-सुका वेगळा करा हे सगळ्यांना माहीत आहे, २०१६च्या नियमांपासूनच ते बंधनकारक आहे. मला काचेबद्दल सांगायचंय. फुटलेला ग्लास, ट्यूबलाइट, इंजेक्शनची सुई हे सरळ पिशवीत टाकतात. गेल्या वर्षी आमच्या पोराच्या तळहातात काच घुसली, मोजा घातलेला असूनही. आठ टाके. तो वीस दिवस कामावर नव्हता. काच जाड कागदात गुंडाळा, वर 'काच' लिहा आणि गाडीवरच्या माणसाच्या हातात द्या. सॅनिटरी पॅडही कागदात गुंडाळून वेगळं द्या. आम्ही हातानं उचलतो ते, एवढं लक्षात असू द्या.

धागाकर्ती

दादा, आमच्या सोसायटीच्या फलकावर तुमचा हा मजकूर जसाच्या तसा लावतेय.

तिसरा मजला

घरपट्टीबद्दल. नगरपरिषदेत दर चार वर्षांनी आकारणीची नवी यादी होते. नोटीस येते, हरकतीला ३० दिवस असतात. बहुतेक लोक ती नोटीस बिलाबरोबर ड्रॉवरमध्ये टाकतात आणि रक्कम वाढली की मग ओरडतात. मीही आधी तेच केलं होतं.

या वेळी नोटिशीतलं क्षेत्रफळ वाचलं. घर आहे त्यापेक्षा मोठं दिसत होतं. मुलीला टेपचं एक टोक धरायला लावून खोल्या मोजल्या. मोजणीत जिन्यासमोरची मोकळी जागा आमच्या नावावर धरली होती. मंजूर नकाशाची प्रत आणि माझं मोजमाप जोडून हरकत दिली. सुनावणीला बोलावलं. साहेबांनी नकाशा पाहिला, लिपिकाला फेरमोजणी करायला सांगितली, क्षेत्रफळ कमी झालं. सुनावणी दहा मिनिटांचीही नव्हती. आमच्या मजल्यावरच्या इतर तिघांनी हरकतच दिली नव्हती, त्यांचं तसंच राहिलं.

आणि वाद असला तरी बिल अडवून ठेवू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो, वर्षाला २४ झाले.

गुलमोहर

छोटासा अनुभव. दारातल्या झाडाची फांदी वीजतारेवर आली होती. शेजारी म्हणाले, माणूस बोलवा आणि छाटा. तसं करू नका, शहरात झाडांसाठी १९७५चा वेगळा कायदा आहे आणि परवानगी वृक्ष अधिकाऱ्यांची लागते. अर्ज आणि फोटो दिले, पाहणी झाली, फक्त तेवढी फांदी कापली. झाड उभं आहे.

नवी वाचक

सगळं वाचून काढलं. माझा प्रश्न आहे. आमच्याकडे पोच मागितली की "इथे पोच देत नाही, विश्वास ठेवा" म्हणतात. सासूबाईंच्या नळजोडणीचा अर्ज तीन महिन्यांपूर्वी दिलाय. भांडायचं नाहीये, कारण पुन्हा त्याच खिडकीवर जायचं आहे.

निवृत्त, जन्म-मृत्यू विभाग

ताई, भांडू नका, खिडकीही बदला. टेबलावर अर्ज द्यायचाच नाही. आवक-जावक शाखा प्रत्येक कार्यालयात असते आणि शिक्का मारणं हेच तिचं काम आहे. तिथेही नाही म्हणाले तर 'आपले सरकार' संकेतस्थळावर ती सेवा आहे का बघा, अर्ज भरल्यावर क्रमांक आपोआप मिळतो. तेही नाही जमलं तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. नव्या अर्जात जुन्या अर्जाची तारीख जरूर लिहा. आणि लोकसेवा हक्काचा कायदा २०१५पासून आहे, फलकावरचे दिवस उलटले की पहिलं अपील करता येतं. अपील म्हणजे भांडण नव्हे, तोही एक अर्जच.

नवी वाचक

खूप आभार, काका. परवा रजा टाकली आहे. अर्जाच्या दोन प्रती काढून सासूबाईंच्या सह्या घेतल्या. त्यांनी दुसऱ्या प्रतीवर वरच्या कोपऱ्यात शिक्क्यासाठी जागा मोकळी सोडायला लावली.