शल्यचिकित्सक, शस्त्रवैद्य की न्हावी-वैद्य?

धागाकर्ती: दिवाळी अंकासाठी पीटर लो या स्कॉटिश माणसावर लेख लिहिते आहे. फ्रान्स-फ्लँडर्समध्ये बरीच वर्षं काढून, फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्या पदरी राहून तो मायदेशी परतला. १५९९ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याच्याकडून ग्लासगोच्या वैद्यांच्या संस्थेसाठी सनद मिळवली. आपल्या १५९७ च्या ग्रंथावर तो स्वतःला 'किरुर्जियन', म्हणजे सर्जन, म्हणवतो. मी 'शल्यचिकित्सक' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'न्हावी-वैद्य' केलं. मला हे मुळीच पटलेलं नाही.

वाईकर: संपादकांचं निम्मं खरं आहे. एडिंबरात १५०५ च्या सनदेपासून शस्त्रवैद्य आणि न्हावी एकाच संघात होते. पण उमेदवाराला लिहितावाचता यावं, शरीररचना कळावी, त्यासाठी वर्षाला एका फाशी गेलेल्या गुन्हेगाराचं प्रेत मिळावं, हेही त्याच सनदेत आहे. नुसतं 'न्हावी' लिहिलं तर ही सगळी विद्या पुसली जाते.

जुनी धोपटी: 'पुसली जाते' का म्हणून? माझे आजोबा गावात नाभिक. त्यांच्या धोपटीत वस्तरा, नखं काढायची नराणी आणि रक्त काढायची तुंबडी एकत्र असायची. गळू फोडायला माणसं रात्री त्यांनाच उठवत. हे शब्द लिहायला लाज कसली?

शब्दनिष्ठ: लाजेचा प्रश्न नाही, नेमकेपणाचा आहे. शल्य म्हणजे अंगात रुतलेला बाण, काटा. 'सल' आणि 'सलणे' त्यातूनच आले. लो युद्धभूमीवर काम केलेला माणूस, त्याला 'शल्यचिकित्सक' चपखल बसतं.

वाईकर: 'किरुर्जियन'च्या मूळ ग्रीक शब्दात बाण नाही, हात आहे: 'खेइर' म्हणजे हात, 'एर्गोन' म्हणजे काम. आपण 'हातगुण' म्हणतो ना, तेच. मी 'हस्तवैद्य' सुचवेन.

शब्दनिष्ठ: 'हस्तवैद्य' वाचून लोक हात दाखवायला येतील असं वाटतं. घडवलेला शब्द कशाला, 'शस्त्रवैद्य' आहेच.

परदेशस्थ: आमच्या घरी सगळे 'सर्जन'च म्हणतात, ऐंशीची आजीसुद्धा. तोही त्याच 'किरुर्जियन'चा झिजलेला वंशज. मग तो मराठीत का नको?

धागाकर्ती: कारण ग्लासगोच्या सनदेत तिघे वेगळे आहेत. लो हा सर्जन, रॉबर्ट हॅमिल्टन फिजिशियन आणि विल्यम स्पँग औषधं बनवून विकणारा. फिजिशियनला विद्यापीठाचं प्रमाणपत्र लागे, शस्त्र चालवणाऱ्याची परीक्षा संस्था घेई. हा भेद 'सर्जन'ने साधेल, पण मग स्पँगला काय म्हणू? 'औषधविक्रेता' फार आजचा वाटतो.

जुनी धोपटी: काष्ठौषधीवाला! आमच्या बाजारात अजून तसं दुकान आहे, पुडीवर शाईने नाव घालून देतात.

शब्दनिष्ठ: काष्ठौषधीवाला पाला-मुळ्या विकतो. स्पँग मलमं, अर्क करत असणार. 'औषधकार' घ्या.

वाईकर: 'काष्ठौषधीवाला'च राहू द्या, त्यात दुकानाचा वास आहे. धोपटीकर, आमच्याकडे 'नऱ्हाणी' म्हणतात, तुमच्याकडे 'नराणी' का?

जुनी धोपटी: आमच्याकडे 'नराणी'च. आईला विचारून सांगतो. कऱ्हाडकडचे कोणी आहेत का इथे?