डेटाबेस डिझाईन शिकायला कोणतं पुस्तक? पुस्तक लागतंच, हे आधी

जुनी बॅच: काल इथे एकाने नवशिक्या मुलाला सल्ला दिला: "पुस्तकं कशाला? चार व्हिडिओ बघ, एक प्रोजेक्ट कर. नॉर्मलायझेशन (तीच माहिती अनेक ठिकाणी येऊ नये म्हणून टेबलं विभागणं) मुलाखतीपुरतं पाठ कर." वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

पाठ केलेलं आठवड्यात पुसलं जातं. एल्मसरी-नवाथे यांच्या डेटाबेसच्या पुस्तकातलं कर्मचारी-प्रोजेक्टचं टेबल घ्या. कर्मचारी नंबर, प्रोजेक्ट नंबर, तास, कर्मचाऱ्याचं नाव, प्रोजेक्टचं नाव, ठिकाण. तास दोन्ही नंबरांवर अवलंबून. माणसाचं नाव फक्त पहिल्यावर, प्रोजेक्टचं नाव नि ठिकाण फक्त दुसऱ्यावर. काय कशावर अवलंबून, हे दाखवणारे बाण एकदा स्वतःच्या हाताने काढले की सेकंड नॉर्मल फॉर्म (एकाच नंबरावर अवलंबून असलेलं वेगळ्या टेबलात काढणं) पाठ करावा लागत नाही. शिवाय ईआर आकृतीवरून (कोणत्या गोष्टी आणि त्यांची नाती काय, हे दाखवणारं चित्र) टेबलं कशी करायची, ते त्यात सात पायऱ्यांत दिलंय. डिझाईनसाठी हेच घ्या.

सातारकर: सल्ला देणारा मीच. दिवसभर राबून रात्री हजार पानांचं पुस्तक कोण उघडतंय? बारा वर्षं टेबलं बनवतोय, एकही पुस्तक वाचलेलं नाही. सगळी चालतायत.

शिकवणारी: चालतात म्हणजे बरोबर आहेत असं नव्हे. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. सभासदाच्या टेबलची प्रायमरी की (प्रत्येक ओळ ओळखायची खूण) काय, तर मोबाईल नंबर! गावात घरटी एकच फोन. सुनेचं खातं उघडायला गेले की "हा नंबर आधीच आहे". क्लार्कने शेवटचा आकडा बदलून नोंदी रेटल्या, आणि हप्त्याचे मेसेज भलत्याच लोकांना जायला लागले. तीन महिने निस्तरत होते मी.

पुस्तक म्हणाल तर मी सिल्बरशात्झ-कोर्थ-सुदर्शन लावते. सातव्या आवृत्तीत रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत मांडायची पद्धत) आणि एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची भाषा) आधी, ईआर सहाव्या प्रकरणात, नॉर्मलायझेशन सातव्यात. पोरांनी क्वेरी चालवून पाहिलेली असते, म्हणून डिझाईन हवेत राहत नाही.

सातारकर: म्हणूनच मी प्रत्येक टेबलला आपोआप वाढत जाणारा ऑटो-इन्क्रिमेंट आयडी लावतो. प्रश्नच मिटला.

शिकवणारी: मिटला कुठे? तोच माणूस दोनदा भरला की दोन आयडी, दोन खाती. एक सभासद म्हणजे कोण, हे आयडी सांगत नाही. ते आधी ठरवून युनिक कन्स्ट्रेंट (तीच माहिती दुसऱ्यांदा भरू न देणारा नियम) लावावा लागतो. नाव धरावं, तर बाईचं लग्नानंतर बदलतं.

कोथरूडकर: कॅन्डिडेट की (प्रायमरी की होऊ शकेल असं काहीही) शिकायची तर सी. जे. डेटचं पुस्तक वाचा. २००३ची आठवी आवृत्ती. रिलेशनल मॉडेलच्या जनकाने, कॉडने, १९७० साली काय मांडलं, ते डेटइतकं काटेकोर कुणी समजावत नाही. आणि नल (किंमत नसलेली रिकामी जागा) का टाळावा, तेही.

जुनी बॅच: डेट दुसरं पुस्तक म्हणून उत्तम. नवशिक्याच्या हातात दिलं तर तो शेतीकडे वळेल. आणि कीचा वाद वेगळ्या धाग्यात न्या.

सातारकर: का न्यायचा? रोज नडतं ते हेच. तुम्हा शिकवणाऱ्यांनी आम्हाला परीक्षेच्या आदल्या रात्रीची पातळ गाईडं दिली आणि आता पुस्तकं वाचली नाहीत म्हणून झापता!

शिकवणारी: गाईडवर माझाही राग आहे. त्यात व्याख्या असतात, बाण काढायला लावणारं एकही उदाहरण नसतं. तुमच्या पावतीच्या टेबलात शाखेचा पत्ता आहे का?

सातारकर: आहे, प्रत्येक ओळीत. शाखा हलली तेव्हा चाळीस हजार ओळी अपडेट केल्या.

शिकवणारी: म्हणजे जुन्या पावत्यांवरही नवा पत्ता छापला जाणार. छापलेल्या पावतीवर त्या दिवशीचा पत्ता राहायला हवा, आणि शाखेचा आजचा पत्ता एकाच जागी. पत्ता नुसत्या शाखेवर अवलंबून आहे की शाखा आणि तारीख दोन्हींवर, हा तोच बाणांचा प्रश्न.

सातारकर: ...हे मान्य. व्हिडिओत हे कुणी सांगितलं नव्हतं. पण नवी आवृत्ती परवडत नाही. लायब्ररीत नवाथेची जुनी आहे, चालेल?

जुनी बॅच: चालेल. बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म (नॉर्मलायझेशनचाच एक कडक नियम) १९७४चा आहे, तो बदललेला नाही. नॉर्मलायझेशनच्या प्रकरणामागची उदाहरणं सोडव आणि अडलं की इथेच टाक.