मदत हवी आहे : बालनाट्याचे प्रयोग वाढवायचेत, पैशांचा मेळ कसा घालायचा?

नमस्कार मंडळी. आमची साताऱ्यातली छोटी संस्था शाळांमध्ये बालनाट्याचे प्रयोग करते. ट्रस्टची नोंदणी आहे, ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता) आहे, सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी घेण्यासाठीचा नोंदणी अर्ज) भरायचा राहिलाय. आता शेजारच्या तालुक्यांतूनही बोलावणी येतायत, पण टेम्पोचं भाडं, नेपथ्य, नटांचं मानधन हे तिकिटावर भागत नाही. सुधा करमरकरांनी १९५९मध्ये लिटिल थिएटर ही बालनाट्य संस्था सुरू केली तेव्हा पाठीशी मुंबई मराठी साहित्य संघ होता. १९८६मध्ये पुण्यात ग्रिप्स ही मूळची जर्मन बालनाट्याची पद्धत आली ती थिएटर अकादमी या नाट्यसंस्थेमुळे. आमच्यामागे फक्त पालक, आणि तेही पासच मागतात! शाळेकडून ठोक रक्कम घ्यावी की दर मुलामागे? जिल्हा परिषदेच्या शाळांना परवडणार नाही, मग त्यांच्या प्रयोगांसाठी प्रायोजक कसा गाठायचा? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया आकड्यांसकट सांगा.