प्लम केकात प्लम कुठाय? (पप्पांचा सवाल, उत्तर द्या)

तासगावचा_पोरगा
मंडळी, प्रश्न जरा येड्यासारखा आहे पण दोन दिवस झालं घरात यावरनं वाद चाललाय. परवा विश्रामबागला कामानिमित्त गेलतो, येताना बेकरीतनं नाताळचा म्हणून अर्धा किलो प्लम केक आणला. आमचे पप्पा म्हणजे उभा जन्म बेदाण्यात गेलेला माणूस, शेड, डिपिंग, सौदे, कोल्ड स्टोरेज, घरात दुसरा विषय नसतो. त्यांनी तुकडा घेतला, बोटानं उकरला, आतला माल ताटलीत ओळीनं मांडला आणि म्हणाले, "ह्यात आलुबुखार कुठाय दाव मला. हा बेदाणा हाय, आन त्योबी दोन नंबरचा." मी पाकीट उलटून बघितलं तर खरंच की, काळे मनुके, बेदाणे, टुटीफ्रुटी, काजू, सगळं आहे आणि प्लम नाहीच. मग बेकरीवाला फसवतोय का सगळं जगच असं करतंय?

कृष्णाकाठ
पप्पांना त्या बेकरीत क्वालिटी चेकिंगला लावा आधी 😂 टुटीफ्रुटी कशाची असते ते पण सांगा त्यांना, कच्ची पपई पाकात घालून रंग दिलेला.

मिरजेचा_मास्तर
बेकरीवाला निर्दोष आहे, सोडा त्याला. जुन्या इंग्रजीत, म्हणजे सतराव्या शतकापासनं, केक-पुडिंगात पडणाऱ्या मनुक्या-बेदाण्यालाच प्लम म्हणायचे. आधी सुकवलेले आलुबुखार घालायचे, मग त्या जागी मनुके आले आणि नाव तेच राहिलं असं सांगतात. म्हणजे प्लम केक याचं सरळ मराठी बेदाणा केक, पप्पा जिंकले.

आणि हा मुळात केक नव्हताच बरं का. आधी होती ती पातळसर खिचडीवजा भानगड, त्यात चक्क मटण किंवा बीफ, पावाचा चुरा, मनुके, मसाले, सगळं एकत्र शिजवायचं. मग मांस हळूहळू गेलं (चरबी मात्र राहिली), मिश्रण घट्ट झालं आणि फडक्यात बांधून उकडायला लागले, ते प्लम पुडिंग. भट्टीत भाजलेला मोठा केक असायचा तो २५ डिसेंबरचा नाहीच, नाताळचे बारा दिवस संपताना ६ जानेवारीच्या आसपासचा. त्यात एक घेवड्याचा दाणा लपवायचे, ज्याच्या तुकड्यात निघंल तो त्या रात्रीपुरता राजा. पुढं व्हिक्टोरिया राणीच्या काळात ६ जानेवारीची मजा ओसरली आणि केक सरकत सरकत नाताळावर आला.

वाईकर
या पुडिंगवर इंग्लंडच्या त्या क्रॉमवेलनं बंदी घातली होती ना? कायतरी वाचलेलं.

मिरजेचा_मास्तर
सगळं त्याच्याच नावावर खपवतात. १६४७ ला नाताळच बंद केला तो इंग्लंडच्या पार्लमेंटनं, प्युरिटन म्हणजे कडक धर्मवाल्या लोकांचा जोर होता तेव्हा. क्रॉमवेल सर्वेसर्वा झाला १६५३ ला. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समध्ये तर १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता.

पप्पांसाठी अजून एक. १९२७ मध्ये ब्रिटिशांनी जाहिरातबाजी म्हणून साम्राज्याचं पुडिंग काढलं, रेसिपी राजा पाचव्या जॉर्जच्या आचाऱ्याची, सगळा माल साम्राज्यातलाच पाहिजे ही अट. मनुके दक्षिण आफ्रिकेचे, बेदाणे ऑस्ट्रेलियाचे, लवंग झांजिबारची, रम जमैकाची. आणि एवढ्या मोठ्या हिंदुस्थानाच्या वाट्याला काय, तर चमचाभर मसाला.

शेतकरीच_बरा
मास्तर एक दुरुस्ती, मनुका वेगळा बेदाणा वेगळा, सौद्यात असं बोलला तर व्यापारी हसतील. बेदाणा म्हणजे बे-दाणा, बी नसलेला, फारसी शब्द आहे. केकवाले ते बारके काळे करंट म्हणतात ते पण द्राक्षच, ग्रीसमधल्या कॉरिंथ गावाच्या नावावरनं आलंय ते. आपला सांगलीचा बेदाणा तर जीआयवाला (म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला), त्याला दोन नंबरचा म्हणणारे कोण हे पप्पा? 😄

रसायन_बीएस्सी
बेदाण्याचा विषय निघालाच आहे तर हे ऐका. विलायतेत नाताळच्या आदल्या रात्री स्नॅपड्रॅगन नावाचा खेळ खेळायचे. पसरट ताटलीत गरम ब्रँडी, त्यात मनुके, दिवे मालवायचे आणि ब्रँडी पेटवायची. मग निळ्या ज्वाळेत हात घालून मनुका उचलायचा आणि पेटता तोंडात टाकायचा, तोंड मिटलं की विझतो. पोरं पण खेळायची, आयबाप बघत बसायचे! मायकेल फॅराडेनं (तोच विजेचा) लंडनमध्ये पोरांसाठी नाताळची व्याख्यानं १८२५ ला सुरू केली, त्यातल्या मेणबत्तीवरच्या व्याख्यानात हा खेळ घेतलाय, की मेणबत्तीत वात करते तेच काम इथं मनुका करतो, ब्रँडी शोषून वर जाळतो. बेदाण्याची वात, बोला. घरी करू नका कोणी.

कोरेगावची_मावशी
अरे मग नाताळच्या गोष्टीत शुगरप्लम नावाची गोड गोळी असते, तिचं काय? नातीनं विचारलं म्हणून नेटवर शोधलं तर त्यातही प्लम नाही. धने नाहीतर शहाजिऱ्यासारखं बी घ्यायचं, मंद आचेवर पाक थोडा थोडा सोडत हलवत राहायचं, थरावर थर, दिवस दिवस. म्हटलं हा तर आपला संक्रांतीचा हलवा! फक्त त्यांना गुळगुळीत पाहिजे आणि आपल्याला काटे. माझी तर बोटं भाजतात दरवर्षी आणि सुनेला वाटतं दुकानात मिळतो.

तासगावचा_पोरगा
सगळं पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. १९२७ चं ऐकून मला वाटलं चिडतील, तर म्हणाले, "तवा आपल्याकडं बेदाणा कुठं हुता लका, शाळू हुता. चमचाभर तर चमचाभर." दोन नंबर मात्र मागं घेत नाहीत, रंग बघून सांगतोय म्हणतात. ब्रँडीच्या खेळाचं नाव काढलं तसं आईनं काडेपेटी उचलून वर ठेवली. आणि आत्ता केक खायला गेलो तर बेदाणे तेवढे टिपून नेलेत कुणीतरी, भुगा आणि पपई शिल्लक आहे.